टाकीचं पाणी आधी कुणी प्यायचं?

टाकीचं झाकण मी लावलं होतं का?

या एका प्रश्नावर मी अख्खी रात्र जागून काढलेली आहे. झाकण उघडं म्हणजे कबुतरं, कबुतरं म्हणजे... पुढचं मी शिकलेय, म्हणून तर झोप येत नाही. उजाडल्या उजाडल्या सलीमभाईंना फोन लावला. सलीमभाई आमचे फिटर. नळ, पाइप, मोटार, सगळं त्यांच्याकडं.

"सलीमभाई, टाकीचं झाकण जरा बघून येता का?"

"शामकोच देख्या मैं. तुम्हीच लावलं मॅडम. वरून दगड पण ठेवला."

"दगड? मी?"

"हौ. इत्ता बडा." मग थोडं थांबून म्हणाले, "घरका गॅस बंद करे क्या तुम?"

मी फोन तसाच टाकून स्वयंपाकघरात पळाले!

मैत्रिणी विचारतात, तुझ्याच बाबतीत बरं असं रोज काहीतरी घडतं? रोज काही घडत नाही. साठतं. टाकीच्या तळाशी गाळ बसतो तसं, थोडं थोडं, कुणाच्या लक्षात न येता. एक दिवस टाकी धुवायला आत उतरावं तर घोट्यापर्यंत!

पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्यावरून आत वळलं की दगडाची एक जुनी खदान लागते. खदान कधीच बंद पडली, पण दगड फोडायला आलेली माणसं तिच्या कडेलाच राहिली. पंचवीस-तीस घरं असतील. नळाची लाइन अजून तिथवर पोचलेली नाही. प्यायला खदानीतल्या विहिरीचं पाणी. मागच्या पावसाळ्यात वस्तीतली लहान लेकरं एकामागून एक जुलाबानं आडवी झाली, काहींना सलाइन लावायची वेळ आली. म्हणून आमच्या छोट्याशा संस्थेनं तिथं वाळूचा फिल्टर, एक टाकी आणि टाकीत क्लोरीनचे थेंब सोडणारं यंत्र बसवलं. पुढचा पावसाळा यायच्या आत वस्तीनं, मुख्य म्हणजे वस्तीतल्या लेकरांनी, या टाकीचं पाणी प्यायला लागलं पाहिजे. काम एवढंच. सांगायला एका ओळीचं.

मी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी. लोकांना जंतू दिसत नाहीत म्हणून लोक निवांत झोपतात. मी ते पाहिलेत. शिवाय मला चार वर्षांची मुलगी आहे, जुई. म्हणजे झोपेचा विषय तसाही संपलेलाच!

*

टाकीचं पाणी पहिल्यांदा नळाला आलं त्या दिवशी बायका हंडे घेऊन जमल्या. सगळ्यांत पुढं कडूबाई. वस्तीतल्या सर्वांत वयस्कर. वय किती विचारलं की "लई" एवढंच सांगतात. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, नाकाशी नेलं आणि ओंजळ सोडून दिली.

"दवाखान्यावानी वास येतोय."

"औषध टाकलंय ना त्यात, त्याचा वास."

"औषिध आजारी मान्साला देत्यात. पानी आजारी हाय का?"

माझ्याकडं पाठ केलेलं भाषण होतं. रंगीत तक्ता होता. तक्त्यावर जंतूंची चित्रं होती, त्यांना मिश्या काढलेल्या. त्यातलं काहीही आठवेना. म्हणाले, "हो. आजारीच आहे. वरून दिसत नाही एवढंच."

कडूबाई रिकामा हंडा घेऊन निघून गेल्या. झालं, पहिल्याच दिवशी घालवलंस सगळं, असं मी स्वतःला घरी पोचेपर्यंत ऐकवत होते.

दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर कडूबाई नळापाशी उभ्या, तोटीवर तळहात ठेवून.

"काय बघताय?"

"काय न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "उतरला का ताप त्येचा?"

*

आमच्या साहेब म्हणजे वाघमारे मॅडम. कमी बोलतात आणि हसत तर अजिबात नाहीत. मी त्यांना माझ्या भाषणाची, तक्त्याची, मिश्यांची सगळी हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, "बोलू नका. पिऊन दाखवा."

हे काम सलीमभाईंनी मागून घेतलं. त्यांना चार माणसांपुढं उभं राहायला आवडतं. प्रत्येक दारात जायचं, घरच्यांच्याच पेल्यात टाकीचं पाणी ओतायचं, पेला उंच धरायचा, बिस्मिल्ला म्हणून एका दमात संपवायचं आणि रिकामा पेला उलटा करून दाखवायचा. पहिल्या गल्लीत पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या गल्लीत सलीमभाई जरा सावकाश चालायला लागले. तिसऱ्या गल्लीत त्यांनी पेला अर्धा भरा म्हणून खूण केली, तर घरातल्या आजोबांनी विचारलं, "का हो, आमच्या घरचा पेला न्हाई आवडला?"

कुणाला नाही म्हणायची सोय नाही. एका दारात प्यायलं आणि शेजारच्या दारात नाही, तर तो अपमान!

शेवटच्या घरापाशी कडूबाई भरलेला तांब्या घेऊनच उभ्या होत्या. सलीमभाईंनी तांब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि स्कूटरला किक मारली.

"मॅडम, पानी एकदम साफ है! पर मैं आदमी हूँ, टाकी नहीं!"

*

पाणी तपासायच्या आमच्या दोन तऱ्हा. पहिलीत पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी फिकट पिवळं झालं, लिंबाच्या सरबताइतकं, की क्लोरीन बरोबर आहे. दुसरीत छोट्या बाटलीत पाणी भरून ती दिवसभर उबेत ठेवायची. पाणी काळं झालं की ते खराब. हे मी बायकांना दोनदा समजावलं.

कडूबाई म्हणाल्या, "म्हंजी एकीत रंग आला तर चांगलं अन् दुसरीत रंग आला तर वंगाळ. तुमचं पानी बी सासूवानीच हाय!"

त्या काळ्या होणाऱ्या बाटलीला ऊब लागते. थंडीचे दिवस, आणि वस्तीतली लाइट कधीही जाते. बाटली ठेवायची कुठं? तेव्हा शकीला आपा पुढं आल्या. आपा तिशीच्या, घरात सासू, नवरा टेम्पोवर. मोठी मुस्कान माझ्या जुईएवढीच, आणि पाळण्यात एक तान्हा, अयान. मागच्या पावसाळ्यात सलाइन लागली त्यांत ही मुस्कान होती.

"बाटली मेरेकू देव," आपा म्हणाल्या. "मेरे पास झूला है."

दुसऱ्या दिवशी आपांच्या दारात पोचले. पाळण्यात अयान गाढ झोपलेला, त्याच्या शेजारी दुपट्ट्यात गुंडाळलेली बाटली, नुसतं तोंड बाहेर काढलेली. आणि बाटली काळी!

फिल्टर, टाकी, औषध, सगळं फुकट. मॅडमना काय सांगू? या बायकांना काय सांगू? बाटली उचलली, उजेडात धरली. पाणी तर नितळ! काळं होतं ते बाहेरून. काचेवर, मधोमध, चांगला गोल गरगरीत काजळाचा टिळा.

आपांच्या सासूबाई सकाळी नातवाच्या गालाला टिळा लावत होत्या. त्यांनी बाटलीलाही लावला.

"दोनो एकी झूले में थे," त्या म्हणाल्या. "एककू लगाव, एककू नक्को, ऐसा कैसा करूँ?"

मी बाटलीचा फोटो काढून वाघमारे मॅडमना पाठवला. मॅडमचं उत्तर आलं: "पाणी पास. टिळा पुसू नका."

*

हळूहळू हंडे भरून जायला लागले. मी हुरळून मॅडमना फोन केला, "वस्ती टाकीचं पाणी प्यायला लागली!"

"भरून नेतात," मॅडम म्हणाल्या. "पितात का ते बघा."

बघायला कडूबाईंकडं गेले. त्यांनी फळीवरून स्टीलचा जग काढला. जगावर झाकण, झाकणावर उपडा पेला, दोन्ही आरशासारखे घासलेले. टाकीचं पाणी! मी खुशीत प्यायले. मग कडूबाईंनी स्वतःसाठी कोपऱ्यातल्या माठातलं घेतलं. विहिरीचं.

"हे काय, कडूबाई?"

"तुमीच म्हनला ना, लई चांगलं पानी हाय? मंग पाव्हन्याला नगं व्हय ठिवाया?"

घरोघर हेच निघालं. प्रत्येक फळीवर एक चकचकीत भांडं, पाहुण्यांची वाट बघत बसलेलं. मी तरी कुठं वेगळी? माझ्या लग्नात आलेला कपांचा सेट अजून खोक्यात आहे आणि आम्ही दोघं कान तुटलेल्या कपातून चहा पितो.

वाघमारे मॅडम वस्तीवर आल्या. सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मग एकमेकींकडं पाहुण्या म्हणून जा."

मॅडम विनोद करत नाहीत हे एव्हाना वस्तीला कळलेलं होतं. बायकांनी ते मनावर घेतलं. पुढं आठवडाभर एक बाई स्वतःच्या घरी सापडेना! कडूबाई आपांकडं, आपांच्या सासूबाई कडूबाईंकडं. नळावर झालेल्या एका भांडणापासून ज्या दोघी एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या, त्या मांडीला मांडी लावून पाणी पीत बसलेल्या. मी हे सगळं डोळे भरून बघत होते.

एक दिवस कडूबाईंनी मला वाटेत अडवलं.

"ताई, पानी लई ग्वाड लागतंय आता. पर तेवढं मॅडमला इचारा, सैपाक कुनी करायचा?"

त्यानंतर जग आपोआप फळीवरून खाली आले, घरच्यांसाठी.

*

एवढं झाल्यावर मी जरा मोकळा श्वास घेतला होता. म्हणजे नेहमीच्या मानानं. एका दुपारी आपांकडं बसले होते. मुस्कान खेळून आली, पाणी मागितलं. आपांनी टाकीचा हंडा ओलांडून पलीकडच्या एका छोट्या मडक्यातलं पाणी तिला दिलं. मडक्याच्या तोंडाला स्वच्छ पांढरं फडकं, दोरीनं घट्ट बांधलेलं.

"आपा, हे कुठलं?"

"कुआँ का. ये बच्चों का मटका है."

"पण तुम्ही तर टाकीचं पिताय!"

"हम बडे हैं ना. दवा हमकू चलती. बच्चों का पेट नाजूक रहता, ताई."

मी घरं फिरून पाहिली. प्रत्येक घरात लेकरांचं वेगळं मडकं. वस्तीतलं सगळ्यांत धुतलेलं, सगळ्यांत जपलेलं भांडं, आणि त्यात विहिरीचं पाणी! ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती लेकरं तेवढी बाजूला राहिलेली. आणि तीसुद्धा मायेपोटी.

मी आपांना सगळं परत सांगितलं. बाटली दाखवली, पिवळा रंग दाखवला. आपांनी मान डोलावून ऐकून घेतलं.

"तुम्हारा सब सच है, ताई. पन मुस्कानकू सुई लगाते वक्त उसके हाथ मैं पकडी थी. अब उसकू कुछ बी नया देनेकू मेरेकू डर लगता. तुमकू बच्ची है, तुमकू समझता नै क्या?"

समजत होतं. तोच तर घोटाळा होता. ऑफिसात परतल्यावर मॅडमनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"घाबरतात."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? मी जुईला ताप आला की थर्मामीटर दोन वापरते. एकावर विश्वास नाही म्हणून."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मला वाटतं त्या दिवशी त्या हसणार होत्या.

*

मग पाहुणे आले. खरे पाहुणे, मोटारीतून. ज्यांच्या मदतीतून फिल्टर बसला ती मंडळी. त्या दिवशी जुईच्या बालवाडीला सुट्टी होती, म्हणून तिलाही बरोबर घेतलं होतं. वस्तीनं सतरंजी अंथरली, जग घासले, पेले मांडले. पाहुण्यांनी टाकी बघितली, फोटो काढले. प्रत्येकाच्या हातात विकतच्या पाण्याची आपापली बाटली. त्यातल्या एका साहेबांनी आपांनी दिलेला पेला घेतला, ओठांपर्यंत नेला, तसाच अदबीनं खाली ठेवला आणि म्हणाले, "उत्तम! फारच उत्तम!"

मोटार वळणाआड गेल्यावर कडूबाई म्हणाल्या, "न पिताच कळतंय त्यांस्नी. लई शिकल्याली हायेत!"

सगळ्या खो खो हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं मी.

मुस्कान जुईजवळ बसली होती. जुईच्या गळ्यात तिची हत्तीची सोंड असलेली पाण्याची बाटली. मुस्काननं सोंडेला बोट लावलं. "इसमें क्या है?"

"पाणी," जुई म्हणाली. "आमच्या घरचं. आई मला इथलं नाही देत."

हसणं थांबलं. कडूबाई डोक्यावरचा पदर सारखा करायला लागल्या. आपांनी पाहुण्यांचा तो भरलेला पेला उचलला, पाणी परत जगात ओतलं आणि झाकण लावलं.

कुणी टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

*

घरी नवऱ्याला, सुमीतला, सांगितलं. तो म्हणाला, "पुढच्या वेळी बाटली नको नेऊस. सोपं आहे."

"आणि तिला काही झालं तर?"

"अगं, तुझंच पाणी आहे ना ते?"

"म्हणून तर!"

पुढच्या शनिवारी निघताना बाटली जुईच्या गळ्यात घातली. जिना उतरलो. परत वर गेले, बाटली काढून ओट्यावर ठेवली. परत खाली आले. जुईनं विचारलं, "आपण चाललोय की नाही?"

वस्तीवर पोचल्या पोचल्या नळाचं पाणी तपासलं. फिकट पिवळं. बरोबर. पुन्हा तपासलं. पुन्हा फिकट पिवळं. तिसऱ्यांदा नळी धुवायला घेतली तेव्हा सलीमभाई म्हणाले, "बस करो मॅडम, इत्ता घूर घूर के देखे तो पानी शरमाके लाल होगा!"

जुई आणि मुस्कान खदानीच्या दगडांवर घरघर खेळत होत्या. ऊन चढलं. नळापाशी बायकांची गर्दी होती, आपा होत्या, कडूबाई होत्या. जुई पळत आली. गाल लाल, केस कपाळाला चिकटलेले.

"आई, पाणी!"

हंड्यांचा आवाज थांबला. एकही बाई माझ्याकडं बघत नव्हती. सगळ्या अगदी ठरवून दुसरीकडं बघत होत्या.

मी पेला मागितला. आपांनी स्वतःच्या ओढणीनं पुसून दिला. मी नळ सोडला, पेला भरला. नळ बंद करायचं राहिलं आणि पाणी माझ्या मनगटावरून ओघळलं. ते कडूबाईंनी पाहिलं. त्या जवळ आल्या आणि माझ्यापुरतंच ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "नगं वाटत आसंल तर नगं देऊस, बाय. आमी न्हाई रागवत."

आजवर त्या मला ताई म्हणत होत्या.

मी पेला जुईच्या हातात दिला. ती दोन्ही हातांनी धरून पिते, डोळे मिटून. आता मात्र सगळ्या वस्तीचं लक्ष तिच्या गळ्याकडं. घोट खाली जाताना दिसत होता. अर्धा पेला झाल्यावर ती थांबली, बाहीनं तोंड पुसलं.

आपा तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. एका हातानं मुस्कानला धरून.

"कैसा है, बेटा?"

जुईनं पेल्यात पाहिलं. मग मान वर करून माझ्याकडं पाहिलं. उरलेलं पाणी आपांच्या पुढं धरलं आणि म्हणाली,

"हे आईला द्या ना. ती घाबरली की तिला तहान लागते."